विश्लेषण : अल्बम मोबाइलवर फुकटात, मग बँड जगतो कशावर? ‘पीटर कॅट’चा ‘बेटा’ आणि आपली नाट्यगृहे

दिल्लीच्या ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’ या बँडचा ‘बेटा’ हा अल्बम ९ ऑगस्ट २०२४ रोजी आला. तेरा गाणी. जाहिराती ऐकण्याची तयारी असेल तर त्या दिवसापासून तो कुणालाही मोबाइलवर एक रुपयाही न देता ऐकता येतो. आधीचा अल्बम २०१९ मधला. म्हणजे पाच वर्षांनी केलेले काम पहिल्याच दिवशी जवळपास फुकट वाटायचे आणि मग गिटार, ड्रम, ट्रम्पेट गाडीत भरून शहरोशहरी हिंडायचे. बँडने हेच केले. अमेरिका, ब्रिटन, युरोप आणि मग भारत असा लांबलचक दौरा त्याने त्याच वर्षी काढला.

हा उलटा वाटणारा व्यवहार आज जगभरातल्या स्वतंत्र बँडचा नेहमीचा व्यवहार झाला आहे. अल्बम ऐकवतो, शो जगवतो. पण शो करायला योग्य आकाराची जागा लागते, आणि महाराष्ट्रात गाडी अडते ती इथे. या अडचणीवरचा एक उपाय आपल्याच शहरांत पन्नास-साठ वर्षांपासून उभा आहे. त्याच्याकडे कुणी त्या नजरेने पाहिलेले नाही, एवढेच.

कोण आहे हा बँड?

‘पीटर कॅट’ची सुरुवात २००९ च्या सुमारास दिल्लीत झाली. गायक-गिटारवादक सूर्यकांत सॉहनी हा त्याचा चेहरा. ड्रमवर करण सिंह, बास गिटारवर ध्रुव भोला, तर की-बोर्ड, ट्रम्पेट आणि इतर वाद्ये रोहित गुप्ता व कार्तिक सुंदरेशन पिल्लई यांच्याकडे. ‘सिनेमा’ (२०११) आणि ‘क्लायमॅक्स’ (२०१५) हे सुरुवातीचे अल्बम. २०१८ मध्ये पॅनाश पॅरासाइट या फ्रेंच कंपनीने त्यांच्या जुन्या गाण्यांचे संकलन काढले आणि २०१९ मध्ये ‘बिस्मिल्लाह’ आला. त्यानंतर देशाबाहेरच्या श्रोत्यांचे लक्ष या बँडकडे गेले. सॉहनी ‘लिफाफा’ या नावाने हिंदी गाण्यांचा वेगळा एकल प्रकल्पही चालवतो.

‘इंडी’ हा शब्द ‘इंडिपेंडंट’चा लघुरूप. पाश्चात्त्य देशांत त्याचा अर्थ मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांपासून स्वतंत्र. भारतात त्याला आणखी एक अर्थ चिकटला आहे : चित्रपटापासून स्वतंत्र. आपल्याकडे ‘नवे गाणे’ म्हणजे ‘नव्या सिनेमाचे गाणे’ हे इतके पक्के बसले आहे, की कुठल्याही सिनेमात नसलेले गाणे कुणी, कशासाठी आणि कोणाच्या पैशाने केले, हा प्रश्नच बहुतेकांना पडत नाही.

‘बेटा’मध्ये काय आहे?

नावापासूनच गंमत आहे. बेटा म्हणजे हिंदीत मूल. बीटा हे ग्रीक वर्णमालेतले दुसरे अक्षर. आणि सॉफ्टवेअरच्या भाषेत बीटा म्हणजे अजून पूर्ण न झालेली, लोकांनी वापरून पाहायची आवृत्ती. रोमन लिपीत तिन्हींचे स्पेलिंग एकच.

रॉक बँड म्हटल्यावर किंचाळणारी गिटार आणि डोके हलवणारी पोरे डोळ्यांसमोर येत असतील, तर हा अल्बम ऐकताना धक्का बसेल. सॉहनीचा आवाज जुन्या काळच्या नाइट क्लबमधल्या गायकासारखा, खालच्या पट्टीत रेंगाळणारा. त्याच्या मागे कधी तीन मात्रांचा वॉल्ट्झ, कधी जॅझ, कधी डिस्को, कधी बँडबाजाची आठवण करून देणारे ट्रम्पेट. गाणी बहुतांश इंग्रजीत. तरीही १९५०-६० च्या दशकांतल्या हिंदी सिनेमातली क्लबची गाणी ज्यांच्या कानांत आहेत, त्यांना हे संगीत परके वाटत नाही. ‘पीपल नेव्हर चेंज’ आणि ‘सडनली’ ही या अल्बममधली दोन गाणी पहिल्यांदा ऐकणाऱ्याने आधी घ्यावीत. पहिल्यात नाचायला लावणारा ठेका आहे, दुसऱ्यात संथ हळवेपणा.

याआधीच्या ‘बिस्मिल्लाह’मधल्या ‘फ्लोटेड बाय’ या गाण्याच्या व्हिडीओत सॉहनीच्या खऱ्याखुऱ्या लग्नाची दृश्ये आहेत. याच अल्बममधले ‘मेमरी बॉक्स’ हे गाणे आठ मिनिटांहून मोठे आहे. ही लांबी लक्षात ठेवावी, पुढच्या हिशेबात ती कामाला येणार आहे.

ऐकल्याचे पैसे बँडला कसे मिळतात?

बहुतेकांचा समज असा, की गाणे एकदा ऐकले की ठरावीक पैसे कलाकाराच्या खात्यात पडतात. प्रत्यक्षात ठरावीक दर असा नसतोच. स्पॉटिफायसारख्या सेवेत वर्गणी आणि जाहिरातींचे पैसे एका मोठ्या हंड्यात जमा होतात. त्यातला साधारण दोन तृतीयांश भाग गाण्यांच्या हक्कधारकांना वाटला जातो, आणि तो एकूण ऐकण्यांच्या प्रमाणात.

सोपे उदाहरण घेऊ. समजा, वाटपासाठी १०० रुपये जमले आणि सगळ्या श्रोत्यांनी मिळून १,००० वेळा गाणी ऐकली. त्यातली ५ ऐकणी ‘पीटर कॅट’ची असतील, तर त्यांच्या वाट्याला ५० पैसे. आता एखाद्या श्रोत्याने महिनाभर फक्त ‘बेटा’च ऐकला, तरी त्याची वर्गणी थेट या बँडकडे जात नाही. ती हंड्यात जाते आणि तिचा मोठा वाटा ज्या गाण्यांना कोट्यवधी वेळा ऐकले गेले, त्यांना मिळतो. भारतात अशी गाणी म्हणजे अर्थातच सिनेमाची.

दुसरा नियम : गाणे ३० सेकंद वाजले की ते ‘एकदा ऐकले’ असे मोजले जाते. म्हणजे आठ मिनिटांचे ‘मेमरी बॉक्स’ पूर्ण ऐकले काय आणि दोन मिनिटांचे रीलछाप गाणे अर्धा मिनिट ऐकून पुढे ढकलले काय, मोजणीत दोन्ही सारखेच. लांब गाणे करणारा बँड या पद्धतीत आपल्याच हाताने तोटा ओढवून घेतो.

तिसरा नियम २०२४ पासूनचा. मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा ऐकले न गेलेल्या गाण्याला स्पॉटिफाय रेकॉर्डिंगचे मानधन देत नाही. ‘पीटर कॅट’ला या अटीची झळ बसत नाही. पण कोल्हापुरात किंवा अकोल्यात पहिलेच गाणे चढवणाऱ्या मुलांना बसते.

हे बदलण्याचे प्रयत्न झाले आहेत. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये श्रोत्याचे पैसे त्याने ऐकलेल्या कलाकारांनाच देण्याची पद्धत आणली. डीझरने २०२३ मध्ये वाटपाचे सूत्र बदलले. बँडकॅम्पवर तर अल्बम थेट विकत घेता येतो आणि डिजिटल विक्रीतला १५ टक्के वाटा कंपनी ठेवते. पण आपल्याकडे गाणे ‘विकत’ घेण्याची सवय कॅसेट आणि सीडीबरोबरच गेली.

मग अल्बम काढायचाच कशाला?

कारण अल्बमशिवाय शोला कुणी येत नाही. दौऱ्याला निमित्त लागते आणि नवा अल्बम हे ते निमित्त. मराठी वाचकाला हे समजायला नाटकाचे उदाहरण पुरेसे आहे. संहिता छापून विकल्यावर नाटककाराचे घर चालत नाही, पण संहिता नसेल तर प्रयोग कशाचा लावणार? बँडसाठी अल्बम ही संहिता आहे.

संहिता वाचणे आणि प्रयोग पाहणे यांत जो फरक, तोच इथेही. स्टुडिओत एकावर एक थर चढवून केलेले गाणे रंगमंचावर पाच माणसांना दहा हातांनी उभे करावे लागते. की-बोर्ड सोडून ट्रम्पेट उचलावे लागते, एखादा थर गाळावा लागतो, दुसरा लांबवावा लागतो. रेकॉर्डिंगमध्ये मागे दबलेले बासचे स्वर मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून ऐकूच येत नाहीत. सभागृहात तेच स्वर छातीत जाणवतात. कमी कंपनांचा आवाज निर्माण करायला मोठा पडदा आणि भरपूर हवा हलवावी लागते, ते काम बोटाच्या पेराएवढा स्पीकर करू शकत नाही. ‘पीटर कॅट’च्या संगीताचा अर्धा डोलारा या खालच्या स्वरांवर उभा आहे. म्हणून ‘बेटा’ केवळ फोनवर ऐकणाऱ्याने तो अर्धाच ऐकलेला असतो.

लाइव्ह शोचे गणित काय?

खालचे आकडे कोणत्याही एका शोचे नाहीत, हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. समजा, ८०० जणांचे सभागृह, तिकीट ५०० रुपये आणि सगळी तिकिटे गेली. जमा ४ लाख रुपये. सभागृहाचे भाडे, ध्वनी-प्रकाश व्यवस्था, तंत्रज्ञांचे मानधन, प्रवास, राहणे, तिकीटविक्रीचे कमिशन, परवाने असा खर्च अडीच लाख धरू. उरले दीड लाख. पाच जणांच्या बँडमध्ये प्रत्येकी ३० हजार.

आता हेच दीड लाख ऐकण्यांतून मिळवायचे आहेत, असे धरू. एका ऐकण्यामागे १० पैसे पदरात पडतात असे मानले, तर १५ लाख वेळा गाणे वाजले पाहिजे. ८०० माणसांनी एक संध्याकाळ दिली की जे होते, त्यासाठी मोबाइलवर १५ लाख स्पर्श लागतात. स्वतंत्र बँड शोच्या मागे का लागतात, याचे उत्तर एवढेच आहे.

करांचा एक तपशील इथे महत्त्वाचा. संगीत कार्यक्रमाच्या तिकिटाची किंमत माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. त्यावर गेली की १८ टक्के. म्हणजे ५०० रुपयांची पायरी श्रोत्याला आणि आयोजकाला दोघांनाही सोयीची आहे.

परदेश दौऱ्यात तरी मोठी कमाई होते का?

परदेश दौरा म्हणजे डॉलरांचा पाऊस, हा आपला आवडता गैरसमज. अमेरिकेत कार्यक्रम करायचा तर परदेशी बँडला ‘पी’ प्रवर्गाच्या व्हिसासाठी आधी तिथल्या प्रायोजकामार्फत अर्ज करावा लागतो. एप्रिल २०२४ मध्ये या अर्जाचे मूळ शुल्क ४६० डॉलरवरून १,०१५ डॉलरवर गेले. छोट्या आस्थापनांना त्यात सवलत आहे, पण वकील, प्रत्येकाचा व्हिसा, विमानाची तिकिटे, वाद्यांचे जादा सामान, गाडी आणि रोजची हॉटेले हा खर्च वेगळाच. एवढे करून एखाद्या शहरात दोन-तीनशे माणसे येतात.

तरीही भारतीय बँड परदेशी जातात, कारण तिथे साखळी आहे. एका गावात २०० माणसांचे सभागृह, पुढच्या गावात ५००, त्याच्या पुढे १,०००. तीन-चार तासांच्या अंतरावर असे एकेक गाव, आणि आठवड्याचे पाच-सहा दिवस शो. मंगळवारी रात्रीही लोक येतात. गाडी थांबली की खर्च वाढतो आणि फिरत राहिली की तो वाटला जातो, हे दौऱ्याचे साधे शास्त्र.

आपल्याकडे मधली पायरी कुठे गेली?

मुंबईत धोबी तलावजवळचे रंगभवन हे खुले नाट्यगृह कधीकाळी रॉकप्रेमींचे माहेरघर होते. १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सवाशी त्याचे नाव जोडले गेले. पुढे रुग्णालय, शाळा, न्यायालयांच्या १०० मीटर परिसरातील शांतता क्षेत्राचे नियम आले आणि तिथले संगीत थांबले. लोअर परळच्या गिरणीच्या आवारात २००७ मध्ये ‘ब्लू फ्रॉग’ सुरू झाले. स्वतःची गाणी वाजवणाऱ्या बँडसाठी उत्तम ध्वनिव्यवस्था असलेली ती जागा २०१६ मध्ये बंद झाली. पुण्याला २०१० मध्ये ‘एनएच ७ वीकेंडर’ सुरू झाला आणि स्वतंत्र संगीताला मोठा श्रोता मिळाला. पण महोत्सव वर्षातून एकदाच येतो.

आज बँडसमोर उरतात दोन टोके. एका टोकाला शे-दोनशे माणसांचा पब, दुसऱ्या टोकाला हजारोंचे मैदान. पबचा धंदा खाण्यापिण्यावर चालतो, गाणे त्याला पूरक. शिवाय महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे. त्यामुळे अनेक ठिकाणी १८-१९ वर्षांच्या मुलामुलींना दारातूनच परत जावे लागते. म्हणजे ज्या वयात माणूस नव्या संगीतावर सर्वाधिक जीव टाकतो, त्या वयाला त्या संगीतापासून दूर ठेवण्याची चोख व्यवस्था आपण केली आहे. अमेरिकेतल्या ‘फुगाझी’ या बँडने ही गोष्ट ओळखली होती. १९८७ पासून पुढे दीड दशक त्यांनी आपले शो सर्व वयांसाठी खुले आणि तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवण्याचा आग्रह धरला. तो आग्रह भाबडा नव्हता. उद्याचा श्रोता आज शाळा-कॉलेजात असतो, हा त्यामागचा हिशेब होता.

कोल्डप्ले आल्याने फायदा झाला का?

जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्लेचे तीन शो झाले. त्याच्या तिकिटांसाठी २२ सप्टेंबर २०२४ रोजी मोबाइलवर लागलेली रांग अनेकांना आठवत असेल. भारतीय माणूस संगीतासाठी पैसे मोजत नाही, हा समज त्या दिवशी मोडला. ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’ हा शब्दही त्यानंतर सरकारी भाषणांत आला.

पण स्टेडियम भरले म्हणून गल्लीतली तालीम भरत नाही. मोठ्या शोचे पैसे विमान कंपन्या, हॉटेले, तिकीट कंपन्या आणि परदेशी बँड यांच्यात वाटले जातात. त्यातून इथल्या पाच पोरांच्या बँडला पुढच्या महिन्यात वाजवायला जागा मिळाली, असे होत नाही. क्रिकेटचे उदाहरण घ्या. वानखेडे आहे म्हणून मुंबईत खेळाडू घडले नाहीत; आझाद मैदान, शिवाजी पार्क आणि कांगा लीग होती म्हणून घडले. संगीतातली कांगा लीग कुठे आहे?

यात नाट्यगृहांचा काय संबंध?

पुण्याचे बालगंधर्व आणि कोथरूडचे यशवंतराव चव्हाण, ठाण्याचे गडकरी रंगायतन, विलेपार्ल्याचे दीनानाथ, मुलुंड आणि नाशिकचे कालिदास. महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत साधारण सातशे ते हजार आसनांची नाट्यगृहे आहेत आणि बहुतेक पालिकांच्या मालकीची आहेत. युरोपातला बँड ज्या मधल्या पायरीवर जगतो, ती पायरी आपल्याकडे करदात्यांच्या पैशाने कधीच बांधून झाली आहे.

दौऱ्याची पद्धतही आपल्याला नवी नाही. कंपनीची बस, मागच्या भागात नेपथ्य, आज सांगली, उद्या कोल्हापूर, परवा बेळगाव. नटाला पगार नाही, प्रत्येक प्रयोगाची ‘नाइट’. कुठे तिकीटविक्रीवर प्रयोग, तर कुठे स्थानिक ठेकेदाराने ठरावीक रकमेला घेतलेला प्रयोग. जगभरातले बँड आज नेमके असेच जगतात. मराठी नाटक हे शंभर वर्षांहून अधिक काळ करत आले आहे.

नाट्यगृहात नवी, बिनसिनेमाची गाणी चालत नाहीत, असे म्हणणाऱ्यांसाठी पुरावा घरचाच आहे. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांनी २००३ मध्ये ‘आयुष्यावर बोलू काही’ सुरू केला. स्वतःच्या कविता, स्वतःच्या चाली, समोर नाट्यगृहातला तिकीट काढून आलेला प्रेक्षक. कार्यक्रमाने हजाराचा टप्पा केव्हाच ओलांडला. कार्यक्रम पाहून लोकांनी अल्बम घेतले आणि अल्बम ऐकून लोक कार्यक्रमाला आले. ‘इंडी’ हा शब्द तेव्हा कुणी वापरला नाही; व्यवहार मात्र तोच होता. आज पुण्याचा ‘ईझी वॉन्डरलिंग्ज’ किंवा अभंगांना नव्या वाद्यमेळात मांडणारा मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ असे बँड आहेत. त्यांना हाच रस्ता हवा आहे.

तांत्रिक बाजूही अनुकूल आहे. पाश्चात्त्य शास्त्रीय वाद्यवृंदासाठीच्या सभागृहात आवाज दोन सेकंदांच्या आसपास घुमत राहावा लागतो. ॲम्प्लिफायरवर वाजणाऱ्या संगीताला उलट कोरडी जागा लागते, नाही तर ड्रमचे ठोके एकमेकांत मिसळून चिखल होतो. संवाद शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट जावेत म्हणून बांधलेली नाट्यगृहे मुळात अशीच कोरडी असतात. कायद्याचीही आडकाठी नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतली रात्री १० नंतरची ध्वनिक्षेपकबंदी उघड्या जागांसाठी आहे. बंदिस्त सभागृहांना त्यात स्पष्ट वगळले आहे. आवाज बाहेर जाऊ न देण्याची जबाबदारी अर्थातच राहते.

आक्षेप कोणते?

पहिला आणि रास्त आक्षेप नाट्यनिर्मात्यांचा : आम्हालाच शनिवार-रविवारच्या तारखा मिळत नाहीत, त्यात हे नवे वाटेकरी कशाला? खरे आहे. पण मंगळवार ते गुरुवार अनेक नाट्यगृहांत संध्याकाळी शाळांची संमेलने किंवा काळोख असतो. बँडला ते दिवस चालतील. त्यांचा श्रोता तरुण आहे, बुधवारी रात्री साडेआठला येऊ शकतो.

दुसरा आक्षेप : पोरे नाचतील, खुर्च्या तोडतील. ही भीती सगळीच खोटी नाही. काही संगीत उभे राहूनच ऐकायचे असते आणि त्याला नाट्यगृह योग्य नाही. पण ‘पीटर कॅट’सारखे संगीत बसून ऐकण्याजोगे आहे. अनामत रक्कम घ्यावी, नुकसान झाले तर कापावी. एकांकिका स्पर्धांच्या फेऱ्यांत नाट्यगृह दणाणून सोडणाऱ्या पोरांवर आपण विश्वास टाकतोच ना?

तिसरा आक्षेप नाट्यगृहांच्या अवस्थेचा. बंद वातानुकूलन, कळकट स्वच्छतागृहे, जुनाट वीजव्यवस्था. हा आक्षेप बँडविरुद्ध नाही, मालकाविरुद्ध आहे. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत खाक झाले, तेव्हा सारे शहर हळहळले. नाट्यगृह म्हणजे काय, हे ते गेल्यावरच कळावे, अशी वेळ दुसऱ्या शहरावर येऊ नये. जास्त दिवस वापरले जाणारे, जास्त भाडे मिळवणारे आणि तरुणांनाही आपले वाटणारे नाट्यगृह दुरुस्तीचा हट्ट धरायला अधिक माणसे उभी करते.

काय करता येईल?

पालिकांनी तारखांच्या वाटपात आठवड्यातला मधला एक दिवस स्वतंत्र संगीतासाठी राखून पाहावा, सहा महिन्यांपुरता. भाडे नाटकाच्या दराने घ्यावे, ‘ऑर्केस्ट्रा’ किंवा व्यावसायिक समारंभाच्या दराने नको. अट दोनच : गाणी स्वतःची हवीत आणि तिकीट ५०० रुपयांच्या आत. पुणे, नाशिक, ठाणे, मुंबई अशी चार शहरांची साखळी जमली, तरी बँडला सलग चार रात्रींचा दौरा मिळतो. प्रवासखर्च चार भागांत वाटला जातो. वर उल्लेखलेले गणित तिथे बसू लागते.

कलाकारांची बाजूही आहे. दहाला दहा मिनिटे कमी असताना जाहीर झालेल्या ‘साडेआठ’च्या शोला नाट्यगृहाचा प्रेक्षक थांबणार नाही. तिसरी घंटा झाली की पडदा वर गेला पाहिजे. नाटकवाल्यांकडून ही एक शिस्त उचलली, तरी अर्धे काम होईल.

श्रोत्याचे काम सर्वांत सोपे. ‘बेटा’ आवडला असेल तर तो शंभर वेळा ऐकल्याने बँडला फारसे काही मिळत नाही, हे वरच्या हिशेबात दिसले. एकदा तिकीट काढल्याने मिळते. अल्बम विकत घेतल्यानेही मिळते. स्टेडियमच्या तिकिटासाठी दिवसभर रांगेत उभे राहणाऱ्या मोबाइलवर पाचशे रुपयांचे तिकीटही निघते, आणि त्या पाचशेतले बरेचसे वाजवणाऱ्याच्या हातात पडतात.

‘पीटर कॅट’ला मधली पायरी मिळाली ती परदेशात, एक फ्रेंच कंपनी आणि परक्या गावांतल्या लहान सभागृहांमुळे. दिल्लीच्या बँडला दूरच्या मंगळवारी रात्री जे मिळते, ते नाशिकच्या बँडला नाशिकच्या बुधवारी मिळायला हरकत काय आहे? सभागृह आहे, दौऱ्याचे शहाणपण आहे, तिकीट काढून गाणे ऐकणारा प्रेक्षकही आहे. तारखांच्या वाटपाच्या तक्त्यात एक नवा रकाना हवा. तो आखायला स्टेडियमएवढा खर्च येत नाही.